वाचकांचे प्रश्न : तंबाखू कंपन्यांचा निधी आणि विद्यापीठांची धोरणे

तंबाखू कंपन्यांकडून विद्यापीठांनी संशोधनासाठी पैसे घ्यावेत की नाही, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची प्राध्यापिका आहे. प्रयोगाची पद्धत शास्त्रशुद्ध असेल, आकडे खरे असतील आणि निधी कोणी दिला हे शोधनिबंधात स्पष्ट लिहिलेले असेल, तर तो पैसा सरकारचा होता की तंबाखू कंपनीचा, याने निष्कर्षात काय फरक पडतो? निधीवर बंदी घालणे म्हणजे संशोधकाच्या सचोटीवर अविश्वास दाखवणे नव्हे काय? (पुणे)

फरक पडतो की नाही, हे मोजून पाहता येते आणि ते मोजले गेले आहे. डेबोरा बार्न्स आणि लिसा बेरो यांनी 1998 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात परोक्ष धूम्रपानावरील, म्हणजे दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटच्या धुराच्या परिणामांवरील, 106 आढावा-लेखांची तपासणी प्रसिद्ध केली. तंबाखू उद्योगाशी संबंध असलेल्या लेखकांच्या 31 लेखांपैकी 29 लेखांनी हा धूर अपायकारक नसल्याचा निष्कर्ष काढला होता. असा संबंध नसलेल्या लेखकांच्या 75 लेखांपैकी केवळ 10 लेखांचा निष्कर्ष तसा होता. लेखाचा दर्जा, त्याचा विशिष्ट विषय, प्रसिद्धीचे वर्ष, तज्ज्ञांकडून समीक्षण झाले की नाही, या कशावरूनही निष्कर्षांतील ही तफावत उलगडत नव्हती. ती उलगडत होती एकाच गोष्टीवरून, आणि ती म्हणजे लेखकाचा उद्योगाशी असलेला संबंध.

ते 29 लेख लिहिणारे सगळे अप्रामाणिक होते, असे यावरून म्हणण्याची गरज नाही, आणि आपल्या प्रश्नातील ‘सचोटी’ या शब्दापाशी मला थोडे थांबावेसे वाटते ते त्यामुळेच. कंपनीला संशोधक विकत घ्यावा लागत नाही. तिला हवा तो प्रश्न आधीपासून विचारत असलेला संशोधक शोधून त्याला पैसे पुरवले, की काम भागते. हा मार्ग 1954 इतका जुना आहे. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ब्रिटनमधील डॉल आणि हिल यांचे आणि अमेरिकेतील विंडर आणि ग्रॅहम यांचे अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध झाले होते. डिसेंबर 1953 मध्ये अमेरिकी सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र आले आणि त्यानंतर 4 जानेवारी 1954 रोजी त्यांचे एक निवेदन चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत झळकले. लोकांचे आरोग्य ही आमची सर्वोच्च जबाबदारी आहे, असे सांगत त्यात संशोधनासाठी एका समितीची घोषणा होती. हीच समिती पुढे ‘कौन्सिल फॉर टोबॅको रिसर्च’ या नावाने ओळखली गेली. तिने अनेक दशके नामवंत विद्यापीठांना अनुदाने दिली आणि त्यांतून झालेले बरेचसे काम वैज्ञानिकदृष्ट्या चांगलेही होते. पण त्यातील मोठा भाग पेशींची रचना, आनुवंशिकता, विषाणू अशा विषयांवर होता, आणि सिगारेटमुळे माणसे किती आणि कशी मरतात, हा प्रश्न बाजूला राहिला. कर्करोगाची इतकी कारणे तपासली जात आहेत, म्हणजे सिगारेटविषयी अजून काही ठरलेले नाही, असे कंपन्यांना न्यायालयात आणि कायदेमंडळात सांगता येत होते. 1969 च्या सुमारास ब्राऊन अँड विल्यमसन या कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात तर ‘संशय हेच आमचे उत्पादन आहे’ असे लिहिलेले सापडले.

ताणतणावाच्या शास्त्राचे जनक मानले जाणारे माँट्रियालचे हान्स सेल्ये यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ताणाचा आणि आजाराचा संबंध ही त्यांची स्वतःची, आयुष्यभराची कल्पना होती. ती कोणा कंपनीने त्यांच्या डोक्यात घातलेली नव्हती. परंतु हृदयविकाराचे कारण ताण आहे आणि सिगारेट हा ताण हलका करण्याचा एक मार्ग आहे, अशी मांडणी उद्योगाच्या सोयीची होती, म्हणून उद्योगाने त्यांच्या कामाला पैसा पुरवला, आणि 1969 मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर सेल्ये यांनी धूम्रपानाच्या याच उपयोगाविषयी साक्ष दिली. त्यांची सचोटी वादातीत मानली, तरी त्यांचा आवाज इतरांपेक्षा मोठा कोणी केला, हा प्रश्न उरतोच.

निधीचा उल्लेख केला की पुरे, या मुद्द्याविषयीही सावध असावे असे मला वाटते, कारण उल्लेख कोणाचा करायचा, हेही कधी कधी देणारा ठरवतो. अमेरिकेतील वेल कॉर्नेल या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी सीटी स्कॅनद्वारे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे लवकर निदान करण्याविषयीचा निबंध 2006 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. निधी देणाऱ्यांत कर्करोगाचे लवकर निदान आणि उपचार यांसाठी काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाचे नाव होते. त्या प्रतिष्ठानाला मिळालेले 36 लाख डॉलर जवळपास पूर्णपणे व्हेक्टर ग्रुप या कंपनीकडून, म्हणजे लिगेट सिगारेट बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ कंपनीकडून, आले होते, हे लोकांना कळले 2008 मध्ये. निबंधात उल्लेख होता आणि तरीही वाचकाला काहीच कळले नव्हते.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहतो आणि माझी मुलगी इथल्या सरकारी विद्यापीठात शिकते. विद्यापीठाने तंबाखू कंपन्यांच्या निधीवर सरसकट बंदी न घालता केवळ तपासणीची अट ठेवली, असे ऐकले. हे धोरण पुरेसे आहे का? आणि बंदी घातली असती तर ती शैक्षणिक स्वातंत्र्याची गळचेपी ठरली असती का? (फ्रीमॉन्ट)

आपण ऐकले ते बरोबर आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या रीजंट्स मंडळाने, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, सप्टेंबर 2007 मध्ये स्वीकारलेल्या धोरणानुसार, तंबाखू उद्योगाकडे संशोधनाचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी त्याची छाननी तज्ज्ञांच्या समितीने करायची, प्रस्तावाची पद्धत भक्कम आहे आणि तो वस्तुनिष्ठ निष्कर्षापर्यंत पोहोचू देणारा आहे, अशी खात्री पटल्यावर त्या परिसराच्या चॅन्सेलरनी, म्हणजे प्रमुखांनी, मंजुरी द्यायची, आणि अशा सर्व प्रस्तावांचा वार्षिक अहवाल रीजंट्सना सादर करायचा.

हा निर्णय काही वर्षांच्या वादानंतर झाला. या विद्यापीठातील काही विभागांनी आपल्यापुरती बंदी आधीच घातली होती, परंतु निधी देणाऱ्याविषयीच्या नैतिक मतावरून एखाद्या विभागाने आपल्या सहकाऱ्यांना निधी घेण्यापासून रोखणे हे शैक्षणिक स्वातंत्र्याच्या विरोधात आहे, अशी भूमिका प्राध्यापकांच्या सिनेटने घेतली आणि त्या बंद्या टिकल्या नाहीत. वादाला धार आली ती न्यायालयीन निकालामुळे. ऑगस्ट 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी, अमेरिकी कंपन्यांनी धूम्रपानाच्या परिणामांबाबत अनेक दशके जनतेची संगनमताने फसवणूक केली, असा निर्णय दिला. सोळाशेहून अधिक पानांच्या त्या निकालपत्रात विद्यापीठांतील संशोधनाचा या फसवणुकीसाठी कसा उपयोग झाला, याचेही तपशील आहेत. याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस परिसराशी संबंधित संशोधकाचा 2003 चा एक निबंधही त्यात चर्चेला आला आहे. तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्याच्या अखेरच्या टप्प्याचा खर्च तंबाखू उद्योगाने उभारलेल्या संस्थेने उचलला होता, आणि धूम्रपान करणाऱ्या जोडीदाराबरोबर राहिल्याने मृत्यूचा धोका लक्षणीय वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या अमेरिकन कॅन्सर सोसायटीची माहिती त्यात वापरली होती, तिनेच त्या माहितीचा असा उपयोग करणे चुकीचे असल्याचे सांगितले होते. कारण नोंदी सुरू झाल्या 1959 मध्ये, आणि त्या काळी घरात कोणी सिगारेट ओढत नसले तरी कार्यालयात, उपाहारगृहात, विमानात धूर सगळ्यांच्याच वाट्याला येत होता.

आता स्वातंत्र्याविषयी. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आज तंबाखू, उद्या औषध कंपन्या, परवा एखाद्या राजकीय मताचे प्रतिष्ठान, अशी यादी वाढत जाईल ही भीती निराधार नाही. विद्यापीठाबाहेरच्या दबावाने संशोधन बंद पाडण्याचे प्रकार आपल्याकडेही झाले आहेत. परंतु शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे हवा तो प्रश्न विचारण्याचे आणि सापडलेले उत्तर प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य. त्यात कोणत्याही देणाऱ्याकडून, विद्यापीठाच्या नावाने, पैसे घेण्याचा हक्क आपोआप येत नाही. अनुदानाचा करार प्राध्यापक एकटा करत नाही. करार विद्यापीठ करते, शोधनिबंधावर नाव विद्यापीठाचे येते, आणि कंपनीला जे हवे असते ते मुख्यतः हे नावच असते. म्हणून निर्णयही विद्यापीठाचा असला पाहिजे. या बाबतीत हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने 2002 च्या सुमारास घेतलेली नकाराची भूमिका मला कॅलिफोर्नियाच्या धोरणापेक्षा अधिक सरळ वाटते. तपासणी-समिती फक्त समोर आलेला प्रस्ताव तपासू शकते. आणखी कोणते प्रश्न विचारले जायला हवे होते आणि त्यांना पैसा का मिळाला नाही, हे तिच्यासमोर येतच नाही.

कॅलिफोर्नियाने मात्र एक गोष्ट फार चांगली केली आहे आणि तिची चर्चा कमी होते. 1988 च्या सार्वमतात, ‘प्रपोझिशन 99’ या नावाने, मतदारांनी सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर 25 सेंट जादा कर मंजूर केला आणि त्यातला एक हिस्सा तंबाखूजन्य रोगांच्या संशोधनासाठी राखून ठेवला. ते अनुदान याच विद्यापीठाच्या मुख्यालयातून वाटले जाते. म्हणजे हा पैसाही सिगारेटचाच आहे. परंतु कोणता प्रश्न महत्त्वाचा आणि कोणाला अनुदान द्यायचे, हे ठरवण्यात कंपनीचा हात नाही. तंबाखूतून आलेला प्रत्येक रुपया किंवा डॉलर अस्पृश्य आहे, असे मी म्हणत नाही. मी विचारतो ते एवढेच की तो कोणाला द्यायचा हे कोणी ठरवले.

प्रश्न : इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात या कारणावरून एका प्राध्यापकाने राजीनामा दिला होता, असे वाचले होते. त्याचा काही उपयोग झाला का, की तो केवळ निषेध ठरला? (नाशिक)

नॉटिंगहॅम विद्यापीठाने डिसेंबर 2000 मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीकडून 38 लाख पौंड स्वीकारले. ज्या कामासाठी स्वीकारले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे : उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचा अभ्यास करणारे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारण्यासाठी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चे तेव्हाचे संपादक रिचर्ड स्मिथ हे त्या विद्यापीठात वैद्यकीय पत्रकारितेचे मानद प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या नियतकालिकाच्या वाचकांनाच मत विचारले. विद्यापीठाने पैसे परत करावेत, असे बहुसंख्य वाचकांनी सांगितले, आणि ते परत न केल्यास स्मिथ यांनी पद सोडावे, असे म्हणणारे निम्म्याहून थोडे अधिक होते. पैसे परत गेले नाहीत. स्मिथ यांनी 2001 मध्ये पद सोडले. कर्करोगावर काम करणारा संशोधकांचा एक गटही नॉटिंगहॅम सोडून लंडनला गेला.

विद्यापीठाचा निर्णय त्यामुळे बदलला नाही, हे खरे आहे. परंतु निधी घेतल्याने मिळते किती आणि गमावले जाते किती, हा हिशेब ब्रिटनमधील विद्यापीठांना प्रथमच जाहीरपणे मांडावा लागला. 2004 मध्ये कर्करोग संशोधनाला अनुदान देणारी संस्था कॅन्सर रिसर्च यूके आणि विद्यापीठांची संघटना युनिव्हर्सिटीज यूके यांनी तंबाखू उद्योगाच्या निधीबाबत संयुक्त मसुदा तयार केला. तंबाखू कंपनीच्या पैशावर काम करणाऱ्यांना, तसेच त्यांच्या निकट काम करणाऱ्यांना, आपले अनुदान मिळणार नाही, ही कर्करोग संस्थेची अट माझ्या मते कोणत्याही ठरावापेक्षा परिणामकारक आहे. शेजारच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्याच्या निर्णयाची किंमत आपल्याला मोजावी लागते, हे कळले की ‘हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे’ असे म्हणणे अवघड होते.

स्मिथ यांची भूमिका सरळ रेषेत चालणारी नव्हती, हेही सांगायला हवे. वरच्या उत्तरात उल्लेख केलेला 2003 चा निबंध त्यांच्याच संपादकत्वाखाली छापला गेला आणि त्यांनी त्या निर्णयाचे समर्थन केले. पैसे घेऊ नयेत, पण झालेले संशोधन दडपूही नये, अशी त्यांची धारणा होती. त्या नियतकालिकाने तंबाखू उद्योगाच्या पैशातून झालेले संशोधन न छापण्याचा निर्णय दहा वर्षांनी, ऑक्टोबर 2013 मध्ये, नंतरच्या संपादकांच्या काळात घेतला. ‘प्लॉस मेडिसिन’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्येच घेतला होता. मला ही वाटचाल स्वाभाविक वाटते.

प्रश्न : जी विद्यापीठेच तंबाखूच्या पैशावर उभी राहिली, त्यांनी काय करायचे? (ठाणे)

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाला 1924 मध्ये सिगारेट उद्योगातील जेम्स ड्यूक यांच्या देणगीतून आजचे नाव आणि रूप मिळाले. ब्रिस्टल विद्यापीठाच्या स्थापनेमागे तंबाखू व्यापारातील विल्स घराण्याची 1908 मधील एक लाख पौंडांची देणगी होती. त्या दगडी इमारती पाडण्याची मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. मृत दात्याला आज कोणते संशोधन व्हावे हे ठरवता येत नाही. जिवंत कंपनीला ठरवता येते. इतिहास फलकावर स्पष्ट लिहावा आणि आजचे करार आजच्या निकषावर तपासावेत, इतके पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेला तंबाखू व्यवसाय असलेल्या एका मोठ्या उद्योगसमूहाकडून सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या आणि प्रयोगशाळेला उपकरणे देण्याचा प्रस्ताव आला आहे. विश्वस्तांमध्ये मतभेद आहेत. भारतीय कायदा याबाबत काय सांगतो? (मुंबई)

2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा यांना संशोधनासाठी दिलेली रक्कमही 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात धरली जाते. तंबाखू कंपन्यांना यातून वगळलेले नाही. मात्र मे 2016 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने एका परिपत्रकाद्वारे, सीएसआरचे काम करताना सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीच्या 2003 च्या कायद्याचे, म्हणजे ‘कोटपा’चे, उल्लंघन होता कामा नये, असे स्पष्ट केले. त्या कायद्याचे कलम 5 तंबाखू उत्पादनांची जाहिरात, प्रसार आणि त्यासाठीचे प्रायोजकत्व यांना मनाई करते. संशोधन-निधीविषयी मात्र त्यात तरतूद नाही, आणि ही उणीव दूर व्हावी असे मला मनापासून वाटते.

कायद्यापलीकडे एक आंतरराष्ट्रीय बांधिलकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने 2004 मध्ये शिक्कामोर्तब केले. त्या कराराचे कलम 5.3 आरोग्यधोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवण्यास सांगते. 2008 मध्ये डर्बन येथे स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये केवळ मंत्री आणि सचिव यांचा विचार नाही, तर सार्वजनिक आणि निमसार्वजनिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांचाही आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2020 मध्ये याच कलमाला अनुसरून आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता केली. विद्यापीठ अनुदानावर चालत असेल, तर त्याने या तत्त्वांना आपल्याशी संबंध नाही असे समजू नये.

आपले विश्वस्त म्हणतील की शिष्यवृत्ती म्हणजे संशोधन नव्हे. ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठाने 2011 मध्ये अफगाणिस्तानातील तरुणींच्या शिष्यवृत्तीसाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडून सव्वा लाख पौंड घेतले, तेव्हाही हाच युक्तिवाद झाला आणि वादही झाला. त्या मुलींचे शिक्षण थांबावे असे कोणालाच वाटत नव्हते, आणि म्हणूनच असा प्रस्ताव नाकारणे जड जाते. तरीही माझे मत नाकारण्याच्या बाजूचे आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात, आणि एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के आहेत. उरलेला बहुतेक भार चघळण्याच्या तंबाखूचा आहे. आपले विद्यार्थी याच घरांतून येतात. त्यांच्या प्रमाणपत्राशेजारी त्या उद्योगसमूहाचे नाव असावे का, हा प्रश्न विश्वस्तांनी स्वतःला विचारावा.

प्रस्ताव कंपनीऐवजी एखाद्या प्रतिष्ठानाच्या नावाने आला, तर अधिक बारकाईने पाहावे. ‘फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड’ ही संस्था 2017 मध्ये जाहीर झाली तेव्हा फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या सिगारेट कंपनीने तिला 12 वर्षांत सुमारे एक अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने काही दिवसांतच तिच्याशी भागीदारी करण्यास नकार दिला आणि इतरांनाही तसे आवाहन केले. जानेवारी 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडामधील 17 सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी तिचा पैसा न घेण्याचे जाहीर केले. त्या प्रतिष्ठानाने 2024 मध्ये नाव बदलले आहे, म्हणून नावापाशी न थांबता पैशाचा उगम तपासावा.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या बिडीच्या तंबाखूची शेती आहे. तंबाखूचा पैसा नको म्हणता म्हणता विद्यापीठे तंबाखूवरचे संशोधनच टाळतील आणि आम्हा शेतकऱ्यांना कोणीच वाली उरणार नाही, अशी धास्ती वाटते. (निपाणी)

तुमची धास्ती मला समजते, कारण आरोग्याची चर्चा करणारे लोक शेतकऱ्याचा विचार शेवटी करतात. 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी केलेले आंदोलन तुमच्या भागात अजून विसरले गेलेले नाही. व्यापाऱ्याने पाडलेल्या भावाशी झगडणारा शेतकरी आणि सिगारेट कंपनी यांना एकाच पारड्यात घालणे अन्यायाचे आहे.

विषय आणि पैसे देणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंबाखूच्या पिकावर, त्याच्या रोगांवर, आणि विशेषतः त्याला पर्यायी पिकांवर संशोधन झाले पाहिजे, आणि ते सार्वजनिक पैशातून झाले पाहिजे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे 1947 मध्येच केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था सुरू झाली. तंबाखू नियंत्रण कराराचे कलम 17 तर शेतकरी आणि कामगार यांना परवडेल अशा पर्यायी उपजीविकेला पाठबळ देण्याची अपेक्षा सरकारांकडून करते. पर्यायी पिकाला बाजार आणि हमी कोण देणार, हा प्रश्न तंबाखू कंपनी आपल्या पैशाने विचारायला लावील, अशी आशा करण्यास मला काही आधार दिसत नाही.

आरोग्याच्या बाजूनेही कंपनीच्या पैशाविना मोठे काम होऊ शकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याच्या पूर्वअवस्थांचा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध केला. पुणे जिल्ह्यातील खेडोपाडी फिरून केलेले हे काम सार्वजनिक निधीतून झाले. चघळण्याच्या तंबाखूविषयी जगाला जे कळले, त्यात अशा भारतीय अभ्यासांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न : मी पीएचडी करतो आहे. माझ्या मार्गदर्शकांना निकोटिनविषयीच्या एका प्रकल्पासाठी खासगी कंपनीचे अनुदान मिळणार आहे आणि माझी शिष्यवृत्ती त्यातूनच येईल. कंपनीचा तंबाखू उद्योगाशी संबंध असावा असे वाटते. विद्यापीठाचे धोरण नाही. मी काय करावे? (नागपूर)

प्रथम करार वाचायला मागा. अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाने फिलिप मॉरिसशी केलेल्या एका कराराचा तपशील 2008 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने उघड केला, तेव्हा कंपनीच्या परवानगीशिवाय प्राध्यापकांना निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत आणि कोणी या कराराविषयी विचारले तर विद्यापीठाने बोलायचे नाही, अशा अटी त्यात असल्याचे समोर आले. त्या प्रकारचे एकही कलम असेल, तर तुमचा प्रबंधच दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहील. प्रबंधाच्या खुल्या मौखिक परीक्षेत तुम्ही काय बोलू शकता, यावरही बंधन येऊ शकते. म्हणून निष्कर्ष काहीही आले तरी ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाकडे राहील, मूळ आकडेवारी कोणाच्या ताब्यात असेल, आणि कंपनीची मालकी शेवटी कोणाकडे जाते, एवढे लेखी विचारा. मालकीचा शोध कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींतून बऱ्याच अंशी घेता येतो.

मार्गदर्शकांशी वैर घेण्याचा सल्ला मी देणार नाही. विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्या नात्यात सत्ता कोणाकडे असते, हे मला ठाऊक आहे, आणि धोरण नसलेल्या विद्यापीठात हा सगळा भार नेमका सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर येतो. त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या नावाने न नेता विभागातील इतर संशोधक विद्यार्थ्यांसह संशोधन नैतिकता समितीकडे आणि विद्या परिषदेतील एखाद्या सदस्याकडे लेखी स्वरूपात न्या, आणि तंबाखू उद्योगाच्या निधीबाबत विद्यापीठाने धोरण करावे अशी मागणी त्यात जोडा. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोग, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद किंवा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या शिष्यवृत्त्यांपैकी जिला तुम्ही पात्र असाल तिच्यासाठी अर्ज करून ठेवा. पर्याय हातात असेल, तर मार्गदर्शकांना नकार सांगणे सोपे जाईल.